गयेत सोडलेली तपकीर

मैलापूर, चेन्नई
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय वन्सं,

नमस्कार. सांगलीहून पाठवलेला फराळ पोचला. चकल्या धड आल्या, शंकरपाळ्यांचा मात्र रवा झालाय. आम्ही तो दुधात घालून खाल्ला.

पण लिहायला बसले ते फराळासाठी नाही. तुमच्या भावाची तक्रार करायची आहे. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता. मेसेज करावा तर तो तुमच्या सुनेच्या फोनवर जातो. नवऱ्याच्या तक्रारी सुनेने वाचाव्यात इतकी मी अजून सुधारले नाही. म्हणून कागद घेतला.

आम्ही पितृपक्षात गयेला जाऊन आलो ते तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे श्राद्ध झालं की अक्षयवटाखाली आवडीची एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची असते. शहाणी माणसं नावडतं सोडतात. आमच्याबरोबर आलेल्या बालाजीरावांनी कारलं सोडलं. त्यांनी कारलं कधी तोंडाला लावल्याचं मला तरी आठवत नाही. तुमच्या भावाने मात्र छाती पुढे काढून तपकीर सोडली. चांदीची डबी फल्गू नदीत टाकली. मला इतकं भरून आलं, वन्सं, की मी तिथल्या तिथे कॉफी सोडली.

कॉफी! मैलापुरात राहून! पहाटे शेजारपाजारच्या सगळ्या खिडक्यांतून डिकॉक्शनचा वास येतो आणि मी सुंठ-धण्याचा काढा दूध घालून पिते. दिसायला अगदी कॉफीसारखा, चवीला शिक्षा. ह्यांना कॉफी कधी सोसलीच नाही, पित्त होतं. पण वास फार आवडायचा. "पिणं तुझं, वास माझा," म्हणायचे. दुकानदाराने पूड बदलली की हॉलमध्ये बसल्या जागेवरून ओळखायचे. गिंडीच्या कारखान्यात जन्मभर व्हॉल्व्ह तपासले, तसंच घरातलं सगळं तपासायचे.

तपकीर सोडली म्हणून आमच्या लेकीने, हरिप्रियेने त्यांना पांढरे रुमाल आणून दिले. पूर्वी चॉकलेटी वापरायचे, डाग दिसू नयेत म्हणून. आता गेल्या आठवड्यात धुण्यात तो पांढरा रुमाल निघाला आणि त्यावर काळे-तपकिरी डाग. तेच, वन्सं! सगळा संसार मी ते डाग धुतलेत, मला का कळत नाही?

मी रुमाल समोर धरला. म्हटलं, "हे काय म्हणतां?"

"नाकांतनं आलं."

"नाकांत कोण घातलं?"

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "विश्वास नाही तर बोलूं नको." मग मीही बोलले नाही. आज आठवा दिवस असेल, आमचं बोलणं 'जेवायला वाढलंय' एवढ्यावर आलंय. आता रुमाल स्वतः धुतात आणि गच्चीत पार कोपऱ्यात वाळत घालतात. चोरी नसेल तर लपवायचं कशाला?

पितरांपुढे दिलेला शब्द आहे. मला भीतीही वाटते आणि रागही येतो, आणि त्यातलं जास्त काय ते कळत नाही. तुम्ही त्यांची बहीण आहात, तुम्हीच सांगा.

तुमची,
अन्नपूर्णा


सांगली
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय वहिनी,

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं, मग पुन्हा हसले. अण्णा आणि तपकीर सोडणार! लहानपणी तंजावरला त्याने चिंचा सोडल्या होत्या, परीक्षेसाठी. दप्तराच्या तळाशी चिंचेचं बोटूक लपवून ठेवलेलं मीच पकडलं होतं. माझं तोंड बंद राहावं म्हणून त्याने मला अर्धं दिलं. तेव्हा तुमचा संशय काही अगदी वाऱ्यावरचा नाही.

पण एक सांगू का? माणूस एवढ्या वर्षांची सवय सोडतो म्हणजे कुठेतरी एखादी चिमूट घसरणारच. पितर त्याचेच आहेत, त्याला ओळखून असतील. तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका.

आणि अगदीच राग अनावर झाला तर एक करा. मस्त घट्ट डिकॉक्शन काढा, दूध उकळा, आणि तो वाफाळता टंबलर त्याच्या नाकाखालून मिरवत न्या. नाक एवढं तिखट आहे ना त्याचं? बघा कसा उडी मारून उठतो! "गयेचा शब्द मोडलास?" असं म्हणायला तोंड उघडलं की तुम्ही म्हणा, "आधी तुम्ही." हिशेब मिटला.

थट्टा करतेय हो. कॉफी सोडलीत ते मोठंच केलंत. मला तर चहा सोडायचा विचारही करवणार नाही.

त्याचे गुडघे कसे आहेत? गयेत दुखत होते असं हरिप्रिया म्हणाली होती.

तुमची,
कमलिनी


मैलापूर
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय वन्सं,

तुम्ही थट्टेत लिहिलंत, मी खरंच केलं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी लझ कॉर्नरला जाऊन ताजी पूड दळून आणली. दुकानदार म्हणाला, "अम्मा, आजारी होतात का?" घरी येऊन डिकॉक्शन टाकलं. सगळं घर भरून गेलं त्या वासाने. मग टंबलर घेऊन हॉलमध्ये गेले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. पंख्याचा वारा माझ्याकडून त्यांच्याकडे जात होता. आणि मी प्याले.

वन्सं, ते काही म्हणाले नाहीत. पेपर बाजूला करून माझ्याकडे बघितलं, टंबलरकडे बघितलं, आणि चक्क हसले. समजुतीने हसावं तसं. पुन्हा पेपर वाचायला लागले.

हे नाक कसलं, तुम्हाला ठाऊक आहे. वास आला नाही असं होणारच नाही. म्हणजे कळलं, आणि तरी बोलले नाहीत. का? कारण बोलायला तोंड राहिलं नाही. स्वतः मोडलं म्हणून माझं चालवून घेतात. यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हसले हो ते!

तेव्हापासून मी रोज करते. रोज त्यांच्यासमोर बसून पिते. पहिल्या दिवशी चव लागली, आता लागत नाही. तरी पिते. रागाने प्यालेली कॉफी काढ्यापेक्षा कडू असते हे मला या वयात कळलं.

बाकी घरात सगळं विचित्र चाललंय. त्यांच्या उजव्या गालात दुखतं म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेले, एक दाढ काढून आले. दाढ गेली आणि दुखणं राहिलं. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरने सायनस म्हणून गोळ्या दिल्या. रक्तातली साखर एवढी वाढलीय की हरिप्रिया मला विचारते, "अम्मा, अप्पाला गोड काय घालतेस?" मी काही घालत नाही. तपकीर लपवणारा माणूस मैसूरपाक लपवणार नाही कशावरून? गुडघे मात्र उत्तम आहेत. गयेत बालाजीरावांनी त्यांच्याकडच्या गोळ्या दिल्या, त्या अजून मागवून घेतात. चालतात असे, की जावई शोभावेत.

इथे पाऊस वाकडा लागलाय. भिंतींना ओल आलीय, कपड्यांना कुबट वास येतो. मलाच येतो, ते म्हणतात कुठे येतोय. प्रत्येक गोष्टीत उलटं बोलायचं असं ठरवलंय त्यांनी.

तुमचं काय म्हणणं? मी चुकतेय का? मला आता काहीच कळेनासं झालंय.

तुमची,
अन्नपूर्णा


मैलापूर
२७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कमल हीस कृष्णाजीचे अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिण्यातला नाही, तुला माहीत आहे. आमच्या घरात पत्रव्यवहार हे खातं तुझ्या वहिनीकडे आहे. पण सध्या ती माझ्याशी बोलत नाही, आणि मी कोणाशी तरी बोलायला हवं.

तिने तुला कळवलं असेलच. तिला वाटतं मी चोरून तपकीर ओढतो. कमल, मी चिंचा लपवल्या होत्या, कबूल. ही लपवलेली नाही. डबी टाकली त्या दिवसापासून चिमूटभर तपकीर माझ्या नाकात गेलेली नाही. पण हे काळं का येतं ते मलाही समजत नाही. आधी वाटलं, जुनी साठलेली निघतेय. जुनं यंत्र बंद ठेवलं की आतली काजळी काही दिवस पडतच राहते. पण दोन महिने पडेल का? आणि एकाच नाकपुडीतून? आता त्यात कधी रक्तही असतं. म्हणून रुमाल मी धुतो. तिने बघितलं तर पुन्हा तपकीर म्हणेल, नाहीतर घाबरेल. दोन्ही मला नको आहेत.

दाढ काढली ती चांगली होती असं मला आता वाटतं. दाढी करताना उजव्या बाजूचा वरचा ओठ आणि गाल माझा नसल्यासारखा लागतो. ब्लेड लागलं तरी कळत नाही, रक्त आरशात दिसतं तेव्हा कळतं. सकाळी त्या डोळ्याची पापणी जड असते. वय झालं म्हणायचं.

एक गोष्ट मात्र तुला सांगतोच. तुझ्या वहिनीला मानलं. मी तपकीर सोडली यात काय मोठं, नाक चोंदलं होतंच. पण तिने कॉफी सोडली ती सोडलीच. एवढी माझ्यावर चिडलेली असून शब्द मोडला नाही. रोज सकाळी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसते आणि तो सुंठीचा काढा पिते. तोंड असं करते की मला हसू येतं, पण पिते. घरात कॉफीचा वाससुद्धा फिरकत नाही. मैलापुरात असं दुसरं घर नसेल. मला तिला हे सांगायचं आहे, पण आधी कोण बोलणार यावर गाडी अडलीय.

तू तिला समजाव. मी खोटा नाही एवढं तिला पटव. बाकी माझं मी बघेन.

कृष्णाजी


सांगली
३ डिसेंबर २०२४

प्रिय वहिनी,

तुमचं आणि अण्णाचं, दोन्ही पत्रं काल एकाच वेळी पडली. आधी तुमचं वाचलं, मग त्याचं. मग वाटलं, मी चष्मा नीट पुसला नसेल. पुन्हा वाचली.

तुम्ही लिहिता, रोज घट्ट कॉफी करता, त्याच्यासमोर बसून पिता, घर वासाने भरतं. तो लिहितो, तुम्ही काढा पिता आणि घरात कॉफीचा वाससुद्धा नाही. तुमचं कौतुक करतो तो, वहिनी. हसला तो काढ्याला हसला.

आधी मला तुम्हा दोघांचाही राग आला. म्हटलं, म्हातारपणी यांनी मला काय खेळणं समजलंय? एक जण नक्की खोटं बोलतोय. मग सकाळी सुनेने कांदा परतायला टाकला आणि मी तिथेच उभी राहिले. कोविडात मला असंच झालं होतं. कांदा करपून कोळसा झाला तरी मी शेगडीसमोर उभी, मला वासच नव्हता. सून ओरडली तेव्हा कळलं.

वहिनी, कोणीच खोटं बोलत नाहीये. अण्णाला वास येत नाही. हॉलमधून पूड ओळखणाऱ्या माणसाच्या नाकाखाली तुम्ही कॉफी धरली आणि त्याला पत्ता नाही. तुमच्या कपड्यांचा कुबट वासही म्हणूनच नाही.

आणि ते काळं. त्याने मला लिहिलंय, एकाच नाकपुडीतून येतं, रक्त येतं, गाल बधिर आहे, डोळा जड आहे. रुमाल तो म्हणून लपवतो. तुम्हाला कळू नये असं त्याला वाटतं, तरी मी सांगतेय. त्या कोविडच्या वर्षी इथे पेपरात रोज नाकातल्या बुरशीचं यायचं. आमच्या गल्लीतल्या दत्ताजींना झाली होती. त्यांनाही साखर होती. त्यांचंही गालापासून सुरू झालं होतं, आणि घरच्यांनी दातांचं समजून वेळ घालवला. पुढचं मी लिहीत नाही.

मी डॉक्टर नाही. माझं चुकत असेल तर देवाजवळ साखर ठेवेन. पण पत्र पोचेपर्यंत थांबायचं नाही म्हणून मुलाला सांगून आत्ताच हरिप्रियेला फोन लावला. तिला म्हटलं, दातांच्या नाही, पोटाच्या नाही, कान-नाक-घशाच्या मोठ्या डॉक्टरकडे आजच्या आज ने. ती काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही. "आत्या, शांत व्हा" एवढं आलं.

घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं आहे. 

कमलिनी


अड्यार, चेन्नई
१२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

नमस्कार. माझं मराठी लिहिणं दुसरीतल्या मुलासारखं आहे, राग करू नका. फोनवर मी काय सांगते आणि तुम्ही काय ऐकता ते समजत नव्हतं. तुमच्या सुनेच्या, वहिनीच्या फोनवर पण मेसेज केला, पण तुम्ही म्हणालात मला कागदावर पाहिजे. म्हणून लिहिते.

अप्पाला त्याच दिवशी घेऊन गेले. ते येत नव्हते. म्हणाले नाक आहे, पळून जात नाही. डॉक्टरांनी नाकात कॅमेरा घातला. मी स्क्रीनवर बघितलं. आत एक जागा काळी होती. ते तपकीर नाही. डॉक्टर म्हणाले, बुरशीने तिथलं रक्त बंद केलं, म्हणून ते मांस मेलं आणि काळं झालं. स्कॅन केला. तुकडा तपासायला पाठवला. बुरशीच आहे. सायनसमध्ये, आणि उजव्या डोळ्याच्या खालच्या हाडापर्यंत गेली आहे.

मी विचारलं, आमच्या भिंतीवर ओल आहे, त्याच्यामुळे का? ते म्हणाले बुरशी सगळीकडे असते, हवेत, मातीत, तुमच्या आमच्या नाकात पण जाते, काही करत नाही. पण साखर खूप वाढली आणि अंगाची ताकद कमी झाली तर ती आत घर करते. मग विचारलं की काय गोळ्या घेतात. अप्पाने खिशातून बालाजी मामाच्या गुडघ्याच्या गोळ्या काढल्या. त्या स्टेरॉइडच्या होत्या. साखर त्याच्यामुळे वाढली. अम्मा मैसूरपाक शोधत होती.

ही हळू पसरणारी जात आहे म्हणून एवढे दिवस मिळाले. नाही तर काही दिवसांतच सगळं संपलं असतं असं म्हणाले. सोमवारी ऑपरेशन झालं. मेलेलं सगळं काढलं, थोडं हाड पण. डोळा काढायला लागेल का हे आत गेल्यावरच कळेल म्हणाले होते. अम्माकडून त्या कागदावर सही घेतली. सही करताना ती मला विचारत होती, "तपकीर नव्हती ना? नक्की नव्हती ना?" मला वाटलं तिला धक्का बसला आहे. काय विचारते ते मला समजलं नाही.

डोळा ठेवला आहे. दिसतं की नाही ते सूज उतरल्यावर कळेल. आता रोज बुरशीचं इंजेक्शन शिरेतून चालू आहे. ते किडनीला त्रास देतं म्हणून रोज रक्त तपासतात. थंडी वाजून अप्पा खूप कापतात.

अम्मा खुर्चीवरून उठत नाही. कॉफी दिली तर रडते. तुम्हाला काही माहीत आहे का?

तुमची,
हरिप्रिया


सांगली
२१ डिसेंबर २०२४

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र नाही. हरिप्रियेचं आलं, मुलाने फोनवरून रोजची खबर सांगितली. सगळं कळलं, तुमचं सोडून.

तुम्ही काय विचार करत बसला असाल ते मला इथून दिसतंय. रुमाल बघून तपकीर म्हणालात. मीही तेच म्हणाले, चिंचेचं बोटूक काढून वर पुरावा दिला. कॉफी नाकाखाली न्यायची अक्कल कोणाची होती? माझी. आणि खरं सांगू, ती कॉफी तुम्ही केली नसतीत तर त्याला वास येत नाही हे कोणाला कळलं असतं? तुम्ही काढाच पीत राहिला असतात तर तो कौतुक करत राहिला असता आणि मी इथे हसत बसले असते.

हे पुण्य की पाप ते मला ठरवता येत नाही. तुम्हीही ठरवू नका. त्याच्याशी बोला. आधी कोण बोलणार हा हट्ट तरी आता सोडा, तो गयेत सोडायला हवा होता.

एक ओळ तरी लिहा.

तुमची,
कमल


मैलापूर
१८ जानेवारी २०२५

प्रिय वन्सं,

उशीर झाला. लिहायला घेतलं की कुठून सुरू करावं तेच कळायचं नाही.

ते पोंगलच्या आधी घरी आले. डोळा आहे. पण एकाचे दोन दिसतात. मी वाढायला गेले की म्हणतात, दोघीजणी एकदम वाढू नका. डॉक्टर म्हणतात, सुधारेल, पण पूर्वीसारखं होईलच असं नाही. अजून गोळ्या बरेच महिने घ्यायच्या आहेत, दर काही दिवसांनी कॅमेरा घालून आत बघणार. पुन्हा उगवली तर पुन्हा कापणार. म्हणजे सुटलो असं म्हणायचं नाही. बालाजीराव रोज येऊन दारात उभे राहतात, आत यायला लाजतात. मी त्यांना आत बोलावून कारल्याची भाजी खाऊ घालणार आहे.

बोलणं कसं सुरू झालं ते ऐका. इस्पितळात जरा हुशारी आली तशी हे नर्सला सांगायला लागले, "माझी बायको गयेत कॉफी सोडली. मैलापूरची बाई!" नर्स मला बघून हात जोडायची. डॉक्टरांना सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितलं. मी खुर्चीत बसून ऐकत होते आणि जमीन दुभंगत नव्हती. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्याच्याने राहवलं नाही. पडदा ओढला आणि म्हटलं, "तो काढा नव्हता. कॉफी होती. रोज."

"रोज?"

"रोज. तुमच्यासमोर. तुम्ही तपकीर ओढतां म्हणून."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, आता जन्मात बोलणार नाहीत, आणि न बोलले तरी मी काय म्हणणार? शब्द त्यांनी पाळला होता. पितरांपुढे खोटी पडले ती मी. मग त्यांनी तोंड वळवलं.

"कुठल्या दुकानाची पूड?"

"लझची."

"ताजी दळलेली?"

"हो."

"आणि मला कळलं नाही," म्हणाले. वन्सं, ऑपरेशन झालं, हाड काढलं, इंजेक्शनाने खाट हलायची, तेव्हा रडले नाहीत. तेव्हा रडले. मीही रडले. त्यांनी मला रागावायला हवं होतं, मी त्याची वाट बघत होते. ते म्हणाले, "तू मला खोटा म्हणालीस ते राहील माझ्या मनात. लगेच जाईल असं नाही." मी म्हटलं, राहू दे. ते खरं बोलले म्हणून मला बरं वाटलं.

कॉफी मी पुन्हा सोडली. या वेळी कोणापुढे बोलले नाही. पण गंमत बघा, कॉफी सोडली तरी रोज करावी लागते. डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम सांगितलाय. रोज सकाळी डोळे मिटून ओळखीचे वास हुंगायचे, लवंग, लिंबू, कॉफी, आणि तो वास कसा होता ते आठवायचं. यायचा असेल तर असाच हळूहळू येईल म्हणाले, नसेल तर नाही. म्हणून मी पहाटे डिकॉक्शन टाकते. वाफाळता टंबलर त्यांच्या नाकाखाली धरते आणि विचारते, "आला?" ते मन लावून, कपाळाला आठ्या घालून हुंगतात, आणि म्हणतात, "नाही." मग मी ती कॉफी शेजारच्या सहानाला देऊन येते. ती म्हणते, मामी, तुमचा नवस कधी फिटू नये.

रोज तेच. "आला?" "नाही." टंबलर खाली ठेवताना माझं तोंड कसं होत असेल ते त्यांना दिसतच असेल, तेही दोन-दोन.

परवा पोंगलच्या सुट्टीत दुकान बंद होतं आणि डबा उघडला तर पूड संपलेली. लवंग-लिंबू झालं. ते डोळे मिटून वाट बघत बसले होते. व्यायाम चुकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मला काही सुचेना. टंबलरमध्ये नुसतं कढत पाणी ओतलं. म्हटलं, नाही तरी "नाही"च म्हणणार आहेत, एक दिवस निभावेल. नेऊन नाकाखाली धरलं.

"आला?"

त्यांनी नेहमीसारखंच मन लावून हुंगलं. मग डोळे मिटलेलेच ठेवून हसले आणि म्हणाले, "आला गो. थोडा आला. लझचाच आहे."

वन्सं, संसारभर हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नव्हता. मी पाण्याचा टंबलर हातात घेऊन उभी होते. वाफ अजून येत होती.

मी म्हटलं, "हो, ताजी आहे." आणि आत जाऊन ते पाणी मीच प्याले.

तुमची,
अन्नपूर्णा